घरफोडीचा दर कुणामागे मोजायचा?

देशातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो आहे. आता तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काढतो, आणि महाराष्ट्रापुरता तसाच अहवाल राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग पुण्यातून प्रसिद्ध करतो. या अहवालांत घरफोडीचा एक रकाना असतो. वर्षभरात किती घरफोड्या नोंदल्या गेल्या आणि लाख लोकसंख्येमागे त्यांचे प्रमाण किती पडले, एवढे त्यातून कळते. हा आकडा हाती आला की वर्तमानपत्रे राज्यांची क्रमवारी लावतात, विरोधी पक्ष सभागृहात तो फडकावतात आणि गृहखाते शेजारच्या राज्याचा आकडा पुढे करते. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. फुटते ते घर, मग दर माणसांमागे का काढायचा? खून, मारहाण, फसवणूक यांचा हिशेब लोकसंख्येमागे करणे रास्त आहे, कारण तिथे माणूस हेच लक्ष्य असते. घरफोडीचे लक्ष्य दार असते, आणि बहुतेक वेळा कुलूप लावलेले दार. राज्यात एकूण घरे किती, त्यांतली वर्षातला बराच काळ बंद किती आणि फुटलेल्यांपैकी बंद किती होती, हे कळल्याशिवाय कुणाचे घर किती सुरक्षित आहे याबद्दल तो दर काहीही सांगू शकत नाही.

हे पुस्तकी भांडण नाही. त्याचा अर्थ पाहायचा तर पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातला घोडेगावचा परिसर घ्यावा. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तहसील, न्यायालय, पोलीस ठाणे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावात आहे, मोठी बाजारपेठ मात्र पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचरला. पूर्वेला बागायत, कांदा आणि ऊस. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगररांगेपर्यंत महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. कुणी माथाडी झाले, कुणी भाजी मार्केटात, कुणी डबेवाले. मुंबईच्या लोकांचा विश्वास ज्यांनी कमावला त्यांची स्वतःची घरे गावाकडे कुलपाआड राहिली. चैत्रात यात्रेला दारे उघडतात, मे महिनाभर अंगणात माणसे दिसतात, पाऊस सुरू झाला की पुन्हा कोयंड्यात कुलूप. अशा कुटुंबाची गणना मुंबईत होते आणि घर इथे असते. त्यामुळे इथल्या घरफोडीला भागायला घेतलेली लोकसंख्या मुळातच अपुरी, आणि मुंबईच्या हिशेबात तीच माणसे जास्तीची. भाजक असा चुकल्यावर येणारा दर शहराला निर्धास्त दाखवतो, आणि गावाला एकतर बदनाम करतो किंवा एवढ्या मोठ्या जिल्ह्यात पार विरघळवून टाकतो.

बंद घर आणि चोरी यांचा संबंध कुणालाही ठाऊक आहे असे म्हणता येईल. तरी तो पुराव्याने मांडायला १९७९ साल उजाडले. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक कोडे हाती घेतले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली, शिक्षण वाढले, तरी चोऱ्या का वाढल्या? त्यांचे उत्तर असे, की चोर होऊ शकणारा माणूस, उचलण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी आल्या की गुन्हा घडतो. घरातली सगळी माणसे कामावर जाऊ लागली, दिवसा घरे ओस पडली आणि वस्तू हलक्या व किमती झाल्या, एवढ्यानेच घरफोड्या वाढल्या. त्यासाठी समाजाचे चारित्र्य ढासळण्याची गरज पडली नाही. महाराष्ट्रातल्या चोरट्यांची एक रीत या विचाराला तंतोतंत बसते. बंद घर फोडण्याआधी ते आजूबाजूच्या घरांच्या दारांना बाहेरून कड्या लावतात. आवाजाने शेजारी जागा झाला तरी त्याला बाहेर येता येत नाही. कटावणीने कोयंडा उचकटायला काही मिनिटेच लागतात, आणि त्याआधी चोरटा शेजाऱ्याच्या कडीवर वेळ खर्च करतो. त्याला भीती कुलपाची नाही, शेजाऱ्याची आहे. म्हणून एखाद्या आळीत शेजारी किती उरले आहेत, हा सुरक्षिततेचा कुलपाच्या जाडीपेक्षा मोठा मापदंड आहे, आणि राज्याच्या कोणत्याही तक्त्यात तो नाही.

आता त्या रकान्यात काय मोजले जाते तेही पाहू. भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात घरफोडीची व्याख्या आहे, आणि जुन्या दंड संहितेच्या ४४५ व्या कलमापासून तिचा गाभा तोच आहे. भिंतीला भोक पाडणे, माणसाने जाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, कुलूप उघडणे, एवढेच काय बंद कडी काढून आत जाणेही घरफोडीत मोडते. राहते घर, प्रार्थनास्थळ आणि मालमत्ता सांभाळून ठेवण्याची इमारत, तिन्हींना हे लागू. म्हणजे गावातले मंदिर यात आले, गोदामही आले. विहिरीवरची मोटार मात्र उघड्यावर असते; ती गेली तर साधी चोरी. मोटारीची केबल, ठिबकचे साहित्य, डीपीतले तांबे, घोड नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे ढापे, शेतकऱ्याला रडवणाऱ्या या चोऱ्यांपैकी एकही घरफोडीच्या दरात येत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, तेव्हा पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठरली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. कापून नेलेली केबल अनेकदा या रकमेच्या आत बसते. पीक पाण्यावाचून वाळते त्याची किंमत मात्र कुणी त्यात धरत नाही. दुसऱ्या टोकाला याहून विचित्र प्रकार आहे. राष्ट्रीय अहवाल एका फिर्यादीतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतो. घर फोडताना मालकाचा जीव गेला तर ती नोंद खुनात जाते; पाच किंवा अधिक जणांनी मारहाण करून लुटले तर दरोड्यात. घरात घुसून घडलेले सर्वांत भयंकर प्रसंगच घरफोडीच्या रकान्यातून गळतात, आणि सर्वांत किरकोळ चोऱ्या त्याच्या दारापर्यंत पोचत नाहीत.

बंद घराची आणखी एक अडचण आहे. कायदा दिवसाच्या आणि रात्रीच्या घरफोडीत फरक करतो. चोरीसाठी दिवसा घर फोडले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी फोडले तर चौदा वर्षांपर्यंत. पण पावसाळ्यात कधीतरी फुटलेले घर गणपतीला आलेल्या मालकाच्या लक्षात येते. फिर्यादीत गुन्ह्याची वेळ म्हणून अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असा दोन-तीन महिन्यांचा काळ लिहावा लागतो. दिवस की रात्र, कोणता महिना, त्या सुमारास वाडीवर कोण आले-गेले, काहीच सांगता येत नाही. तपासाला धागा उरत नाही, ठसे पुसलेले असतात, श्वानाला माग मिळत नाही. नेलेला ऐवज म्हणजे तांब्या-पितळेची भांडी, देवघरातले टाक, गॅसची टाकी असा असला, तर मुंबईची रजा वाढवून ठाण्यात बसण्यापेक्षा माणूस नवे कुलूप घेऊन मोकळा होतो. अशी घरफोडी झाली हे फक्त त्या घराला माहीत असते.

न नोंदलेल्या गुन्ह्यांचा हा ढीग केवढा असावा? आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीसाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरू इथल्या घरोघरी जाऊन विचारले. ज्यांच्याकडे चोरी झाली होती त्यांतल्या दहातल्या एकाच्याही बाबतीत गुन्हा दाखल झालेला नव्हता. तोवर सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाला काही वर्षे झाली होती, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असे त्या निकालाने २०१३ मध्येच बजावले होते. ही महानगरांची अवस्था. जिथे ठाण्यापर्यंत यायला एसटीची वाट पाहावी लागते तिथे ती बरी असेल असे मानायला काहीच आधार नाही. दिल्लीत चोरीची फिर्याद ऑनलाइन देण्याची सोय झाली आणि तिथले चोरीचे आकडे फुगले. दिल्लीकर काही रातोरात चोर झाले नाहीत, नोंदवणे सोपे झाले. केरळमध्ये गुन्ह्यांचा दर जास्त दिसतो त्यामागेही नोंदवण्याची शिस्त आहे, हे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले. खुद्द राष्ट्रीय नोंद विभागच आपल्या अहवालात बजावतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही पोलीस अधिकाऱ्याच्या कामाचा आढावा घेताना ‘गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले’ हाच प्रश्न पहिला येतो. ज्या ठाण्याने प्रत्येक फिर्यादीला बसायला खुर्ची दिली ते ठाणे कागदावर नापास होते. जिथे ‘अर्ज देऊन जा, बघतो’ म्हणून माणसाला परत पाठवले जाते, ते शांत ठाणे म्हणून मिरवते. यात सर्वांत जास्त नुकसान प्रामाणिक ठाणे अंमलदाराचे आहे, आणि ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. घरफोडीचे आकडे पोलीस ठाणेनिहाय आणि शक्य तिथे गावनिहाय दर महिन्याला प्रसिद्ध व्हावेत. ते घरांच्या संख्येमागे मांडावेत. घर बंद होते की राहते, आत शिरले कुठून, ऐवज किती आणि परत मिळाला किती, हे त्यात असावे. त्याच्या जोडीला ठरावीक वर्षांनी घरोघर विचारणा व्हावी, म्हणजे न नोंदलेल्याचा अंदाज येईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी पाहणी १९८२ पासून होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर तिथल्या घरफोड्या मोठ्या प्रमाणात घटल्या हे छातीठोकपणे सांगता येते, ते या पाहणीमुळेच; नुसत्या पोलिसी आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. बारकाव्याने मोजल्यावर काय साधते याचे उदाहरणही तिथलेच. रॉचडेल शहरातल्या कर्कहोल्ट या सरकारी वसाहतीत ऐंशीच्या दशकात घरफोड्यांचा कहर होता. अभ्यासकांनी फुटलेल्या घरांच्या मालकांना, शेजाऱ्यांना आणि पकडलेल्या चोरांनाही विचारले. एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे असे दिसले. घरातल्या नाणी टाकून चालणाऱ्या गॅस व विजेच्या मीटरांत रोकड साठते आणि चोर तिच्यासाठीच येतात, हेही कळले. मग ते मीटर काढले, फुटलेल्या घराची दारे-खिडक्या लगेच पक्क्या केल्या आणि भोवतालच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत घरफोड्या चौथाईवर आल्या. गस्तीच्या गाड्या वाढवून जे झाले नसते, ते कोणते घर आणि कशासाठी हे समजल्याने झाले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अशी माहिती उघड केली तर चोरांचेच फावेल. पण चोरट्याला तक्त्याची गरज कधी पडली? अंगणात वाढलेले गवत, दारात साचलेला पालापाचोळा आणि रात्री न लागणारा दिवा त्याला पुरतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रत्येक प्रथम खबर पोलिसांनी चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची असते. सुटी सुटी माहिती आधीच उघड आहे. गावाला उपयोगी पडेल अशी तिची मांडणी तेवढी होत नाही. मी मागतो त्या तक्त्यात घर क्रमांक नको, नाव नको. गाव, महिना आणि प्रकार पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडे वाचून लोक घाबरतील. इथे मला उलटे दिसते. लोक घाबरतात ते आकडे नसल्याने. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याची बोलवा उठली. चोरटे वरून टेहळणी करतात, असा समज गावोगाव पसरला. माणसे काठ्या, बॅटऱ्या घेऊन रात्र रात्र जागली, मोबाईलवर चित्रफिती फिरल्या, विषय विधिमंडळात गेला. त्या आठवड्यांत त्या गावांत घरफोड्या खरोखर वाढल्या होत्या की नेहमीएवढ्याच होत्या, हे पाहायला गावकऱ्याच्या हाती एक कागद नव्हता. जागणाऱ्या माणसाला दोष देता येणार नाही. त्याच्यापुढे पर्याय काय होता? पण अशा रात्रींचा शेवट नेहमी जागरणावर थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे, रात्री चोर फिरतात या अफवेच्या वातावरणात, दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा जीव गेला. पोलीस तिथे हजर होते. अफवा माहितीच्या रिकाम्या जागेत वाढते, आणि तिचा घाव नेहमी परक्यावर, भटक्यावर, गरिबावर पडतो. १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आजही पारध्यांच्या पालाकडे बोट जाते. गावाला जर ठाऊक असेल की आपल्याकडे या वर्षी मोजकीच घरे फुटली, सगळी बंद होती आणि सगळी रस्त्यालगतची होती, तर वाटेने जाणाऱ्या अनोळखी कुटुंबाभोवती जमाव गोळा करण्याचे कारणच उरत नाही. या एका कारणासाठीही हा तक्ता मागावा, एवढे त्याचे मोल आहे.

पूर्वी पोलीस नव्हते तेव्हा गाव सुरक्षित होते, मग हे आकड्यांचे खूळ कशाला, असाही एक सूर ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश आहे. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात मराठी मुलखातल्या गावराखणीचे वर्णन आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला तर तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग हरवला तर भरपाई द्यायची. या व्यवस्थेत एक गोष्ट खरोखर चांगली होती: शिवेच्या आत घडलेली चोरी कुणाची तरी जबाबदारी असे, आणि म्हणून ती लपत नसे. पण तो सगळा भार रामोशी, महार, भिल्ल यांच्यासारख्या ठरावीक जातींच्या डोक्यावर होता आणि संशयही पहिला त्यांच्यावरच जाई. आपल्याला त्यातली शिवेपुरती जबाबदारी घ्यायची आहे, जातीवर टाकलेला भार टाकून द्यायचा आहे. तशी चौकट कायद्यात तयार आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ चा आहे. पोलीस पाटलाचे मानधन २०२४ मध्ये महिना पंधरा हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. ग्राम सुरक्षा दलाची तरतूद पोलीस अधिनियमात आहे, आणि एका फोनवर साऱ्या गावाला इशारा पोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही अनेक गावांनी स्वीकारली आहे. पोलीस पाटलाकडे बंद घरांची वही असावी, मुंबईला जाताना मालकाने तीत नाव लिहावे आणि पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी त्या दारापर्यंत जाऊन यावे. तेवढ्याने निदान घर कधी फुटले हे तरी कळेल, आणि तपासाला तारीख मिळेल.

इथे बिबट्याचा उल्लेख टाळता येत नाही. जुन्नर वनविभागात म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत माणूस दिवेलागणीनंतर एकटा बाहेर पडायला कचरतो, आणि त्याला तसे कारणही आहे. रात्री शेताला पाणी द्यायला जाणारा शेतकरी नकळत शिवाराची राखणही करत असे. आता तो घरात असतो, विहिरीवरची मोटार एकटी पडते. दिवसा वीज मिळावी ही इथली मागणी शेतीची आहे, तशी जिवाच्या सुरक्षिततेचीही आहे. मात्र ती मिळाली तरी रात्रीचे शिवार आणखी ओस पडेल, आणि मोटार-केबल चोरीचा विचार तेव्हा वेगळाच करावा लागेल. कोहेन आणि फेल्सन यांना बिबट्या ठाऊक नव्हता. पण राखणदार कमी होण्याची कारणे जागोजाग वेगळी असतात, आणि राज्याच्या सरासरीत ती दिसत नाहीत.

सीसीटीव्हीवर फार भिस्त ठेवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की कॅमेरा चौकात बसतो आणि घरे वाड्या-वस्त्यांवर असतात. वीज गेली की तो आंधळा. गुन्हा घडून गेल्यावर त्याची मदत होते, आणि ती कमी लेखू नये. पण कॅमेरा कुठे बसवायचा हे ठरवायलाही कुठली घरे फुटतात हे आधी कळायला हवे.

मनुष्यबळ कमी आहे, त्यात हे नवे काम नको, ही पोलिसांची तक्रार मात्र ऐकून घेतली पाहिजे. बंदोबस्त, यात्रा, निवडणुका, भीमाशंकरची श्रावणातली गर्दी, एवढे सांभाळून ग्रामीण ठाण्यातल्या माणसाला मान वर काढायला वेळ नसतो. पण मागितलेली माहिती त्याने आधीच संगणकात भरलेली आहे. गुन्ह्यांची राष्ट्रीय संगणक यंत्रणा त्यासाठीच आहे. तिच्यातून महिन्याचा तक्ता काढण्याचे काम जिल्हा पातळीवर होऊ शकते. खरी अडचण वेगळी आहे. मोकळेपणाने नोंद सुरू केली की पहिल्या एक-दोन वर्षांत आकडे चढणारच, आणि तेव्हा त्या ठाण्याच्या निरीक्षकाला जाब विचारला गेला तर सगळे पुन्हा पूर्ववत होईल. म्हणून त्या काळात चढत्या आकड्यावरून कुणाच्या कामाची प्रत ठरवायची नाही, असे गृहखात्याने लेखी सांगितले पाहिजे. त्याऐवजी फिर्याद किती तासांत घेतली आणि मुद्देमाल किती दिवसांत परत दिला, हे विचारावे. जप्त ऐवज न्यायालयाच्या परवानगीने लवकर मालकाला द्यावा, ठाण्यात धूळ खात ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे.

राहिला प्रश्न भाजकाचा, म्हणजे घरांच्या मोजणीचा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली होती. २०२७ च्या जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा आहे, आणि तो २०२६ मध्ये करण्याचे ठरले आहे. प्रगणक प्रत्येक दारापर्यंत जातो आणि ते राहते आहे, रिकामे आहे की कुलूपबंद, याची नोंद करतो. शिनोली असो, डिंभे असो की त्याच्याही पलीकडच्या वाड्या, प्रत्येक गावातल्या घरांचा असा आकडा सरकारकडे येईल. त्यातली नावे गुप्त राहतात आणि राहिलीच पाहिजेत. गावनिहाय बेरजा मात्र प्रसिद्ध होतात. त्या बेरजा भाजक म्हणून घ्याव्यात आणि घोडेगाव ठाण्याच्या हद्दीतला पहिला तक्ता त्यावर मांडावा. त्यात कुलूपबंद घरांची ओळ राहत्या घरांपासून वेगळी असावी, आणि दखलपात्र नसलेल्या पाच हजारांखालच्या चोऱ्यांचीही एक ओळ असावी, कारण केबल गेलेल्या शेतकऱ्याची मोजणी दुसरीकडे कुठेच होणार नाही.